आजीची हळवीण

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. कॅनडातल्या केंब्रिजच्या आमच्या घरात मराठी गोष्टींची पुस्तकं फार नव्हती. बेसमेंटमध्ये मात्र बाबांनी सांगलीहून आणलेली पत्रकांची खोकी होती. पिवळी, गुलाबी, हिरवी पत्रकं, हलक्या कागदावर छापलेली, कडा विटलेल्या. 'जाहीर आवाहन'. 'बंधू-भगिनींनो, विचार करा!' 'अंगात येतं म्हणजे नेमकं काय होतं?' माझ्या बरोबरीची, मराठी घरांतली मुलं आईबापांना इंग्रजीत उत्तरं देत होती, त्या वयात मला 'धिक्कार' हा शब्द जोडाक्षरासकट लिहिता येत होता. अजूनही वाक्य संपवताना उद्गारचिन्हाकडे हात जातो. तो आवरावा लागतो.

बाबा तरुणपणी सायकलवर फिरून ही पत्रकं वाटायचे. गावाच्या चौकात नारळातून आग काढून दाखवायची, लोकांनी हात जोडले की ती कशी काढली ते सांगायचं, आणि मग पत्रक हातात द्यायचं. पुढं ते इंजिनिअर झाले, कॅनडात आले, गाड्यांच्या प्लांटमध्ये क्वालिटीच्या कामाला लागले. सायकल सुटली, पत्रकं सुटली नाहीत. वर्षातून एखादं ते घरच्या प्रिंटरवर काढायचे आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोट टांगायच्या जागेजवळ गठ्ठा ठेवायचे. लोक नम्रपणे उचलायचे. पार्किंग लॉटमध्ये गाड्यांच्या काचांतून ती कॉफीच्या कपाखाली दिसायची.

आमच्याकडं गणपती बसत नव्हता. दिवाळी म्हणजे फराळ, आकाशकंदील आणि मंडळाचं नाटक. बाबांचा खरा सण हॅलोविन, ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन घरोघर चॉकलेटं मागत फिरतात तो. त्यांच्या मते भुताची उघड टिंगल करणारा हा एकच सण, आणि ती टिंगल लहान मुलं करतात. भटजी नाही, मंत्र नाही, सोवळं नाही.

"गावात वर्षानुवर्षं घसा फोडून जे जमलं नाही," ते म्हणायचे, "ते इथं एका संध्याकाळी होतं. भूत दारात येतं, थँक यू म्हणतं नि जातं."

भोपळा ते ड्रिल मशीननं कोरायचे. पोर्चवर जुन्या पातेल्यात ड्राय आइस आणि गरम पाणी घालून पांढरा लोट काढायचे, आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला थांबवून सांगायचे की हा धूर नाही, हा गोठवलेला कार्बन डाय-ऑक्साइड आहे, यात जादू काही नाही. मुलं पिशवी पुढं धरून उभी राहायची. त्यांचे आईबाप ड्राइव्हवेच्या टोकाशी खिशात हात घालून वाट बघायचे. चॉकलेट देण्याआधी व्याख्यान देणारं घर म्हणून आम्ही गल्लीत माहीत होतो.

आजी आमच्याकडं आली ती आजोबा गेल्यानंतर. आजोबा सांगलीत गेले. बाबा विमानानं पोचले आणि त्यांनी कोणताही विधी न करता अंत्यसंस्कार केले. दहावं नाही, तेरावं नाही. नातेवाईक चिडले. इतक्या लांबून आलेल्या मुलाशी, दारात माणसं जमलेली असताना, भांडायचं कसं, असं आजीनं मला पुढं कधीतरी सांगितलं. केंब्रिजला आल्यावर पहिल्याच पितृपक्षात मात्र तिनं बाबांना विचारलं. मी तेव्हा जेवणाच्या टेबलावर होमवर्क करत होते.

"वर्षातनं एकदा. नुसतं हातावरनं पाणी सोड त्यांच्या नावानं. भटजी नको, काही नको."

"आई, जे मी मानत नाही ते तुझ्यासमोर करून दाखवलं, तर ती तुझी फसवणूक झाली. मी तुला फसवणार नाही."

"मी फसायला तयार आहे की."

बाबा हसले. पाणी सोडलं नाही. मला तेव्हा बाबांचं म्हणणं पटलं होतं आणि आजही पटतं. मला न पटलेलं काही असेल तर ते आजीचं पुढचं वाक्य. मी तिला म्हटलं होतं, एवढं वाटतं तर तूच सोड की पाणी.

"बाईच्या हातचं पोचत नाही गं. मुलाच्या हातचं लागतं."

"जन्मभर आजोबांना जेवायला तुझ्याच हातचं पोचत होतं की."

"ते जेवण. हे वेगळं."

ज्या बाईनं त्या माणसाची भाकरी, औषधं, शेवटी अंथरूण-पांघरूण सगळं केलं, तो मेल्यावर तिचाच हात खोटा, आणि वर्षाला एकदा फोन करणाऱ्या मुलाचा खरा! मी त्या रात्री यावर चार पानं लिहिली. उद्गारचिन्हांसकट. आजीवर त्यांचा परिणाम होण्याचं कारण नव्हतं, कारण ती मी तिला दाखवलीच नाहीत. आजी पंधरा दिवस रोज घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर भाताची मूद ठेवायची. कावळा एकदाही आला नाही. खार यायची. "खार काय कामाची," आजी म्हणायची. रॅकून, ती खरकट्यावर येणारी जंगली जनावरं, येतील म्हणून शेजाऱ्यांनी हळूच सांगितल्यावर तेही बंद झालं.

हॅलोविनला चॉकलेटं द्यायचं काम आजीनं आल्याच्या पहिल्या वर्षीच आपल्याकडं घेतलं. बाबांचे हात ड्राय आइसच्या जाड मोज्यांत असायचे, त्यामुळं ते बरंच झालं. हॅलोविन हा शब्द तिच्या तोंडात बसेना. ती 'हळवीण' म्हणायची. साडीवर कोट, डोक्याला मफलर, मांडीवर स्टीलचं मोठं पातेलं, अशी ती पोर्चवरच्या खुर्चीत बसायची आणि प्रत्येक पिशवीत अगदी सावकाश, वाकून, चॉकलेट ठेवायची. टाकायची नाही, ठेवायची. चॉकलेटंही तिनंच निवडलेली, आत खोबरं भरलेली. मुलांना ती अजिबात आवडत नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत अदलाबदल करताना तीच शेवटपर्यंत उरतात. ग्रोसरीत ती सेलवर असतात म्हणून आजी घेते, असं आईचं मत होतं. आम्ही दरवर्षी तिला दुसरी घ्यायला सांगायचो आणि ती दरवर्षी कार्टमध्ये तीच टाकायची.

अशी काही वर्षं गेली. मी शेजारच्या वॉटर्लूला युनिव्हर्सिटीत जायला लागले, राहायला घरीच होते. त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोविन इतके जवळ आले की मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी पडला. लहान मुलांनी हट्ट धरला की आम्ही कॉस्च्युम घालून येणार. काही पालकांनी हरकत घेतली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस रण माजलं. सणासुदीला घरात भुतं कशाला? हे आपलं नाही. हे सगळं अमेरिकन कंपन्यांनी चॉकलेटं खपवायला काढलेलं आहे. हे कंपन्यांचं लिहिणाऱ्या काकांनीच पुढं ठासून लिहिलं की या प्रकाराला ना मूळ, ना इतिहास.

'ना मूळ, ना इतिहास' हे वाक्य मला सहन झालं नाही. ज्याला माहीत नाही त्यानं निदान 'नाही' म्हणू नये, एवढी शिस्त मी पत्रकांतूनच शिकले होते. मी पब्लिक लायब्ररीतून पुस्तकांची चवड आणली आणि माझं पहिलं पत्रक लिहायला बसले.

वाचायला घेतलं तेव्हा माझ्या डोक्यात बाबांचंच हॅलोविन होतं, भीतीची टिंगल करणारं. पुस्तकांत वेगळंच निघालं. आयर्लंड-स्कॉटलंडकडे जुन्या काळी सुगी संपून हिवाळा सुरू व्हायचा, त्या सांध्यावर एक सण असे. गुरं डोंगरावरून खाली आणायची, मोठ्या शेकोट्या पेटवायच्या. त्या रात्री जिवंत आणि मेलेल्यांमधलं दार उघडं राहतं, अशी समजूत होती. अर्थात हे सगळं नंतरच्या धर्मगुरूंनी लिहून ठेवलेलं, त्यामुळं त्यातलं नेमकं किती खरं हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पुढं चर्चनं नोव्हेंबरचे पहिले दोन दिवस संतांच्या आणि मृतांच्या नावानं लावून दिले. संतांच्या दिवसाच्या आदली संध्याकाळ, या अर्थाच्या शब्दांतून झिजत झिजत हॅलोविन हा शब्द आला.

चेहरे कोरायचे ते आधी सलगममध्ये. मुळ्यासारखा हा टणक कंद आतून पोखरून त्यात निखारा नाहीतर मेणबत्ती ठेवायची. तिकडची गरीब माणसं जहाजांतून इकडं आली तेव्हा त्यांना भोपळा सापडला. मोठा, मऊ, कोरायला सोपा. सण तोच, भाजी बदलली. मुलं सोंगं घेऊन दारोदार जायची, पण फुकट काही मिळत नसे, गाणं म्हणावं लागे. आता मुलं दारात म्हणतात ते 'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्द त्या मानानं ताजे, आणि छापील कागदावर ते सगळ्यांत आधी कॅनडातल्या वर्तमानपत्रांत सापडतात म्हणे. याखाली मी दोनदा रेघ मारली. अमेरिकन कंपन्यांवाल्या काकांसाठी.

आणि एक गोष्ट होती जी मी पत्रकाच्या मधोमध ठेवली. इंग्लंडात मृतांच्या दिवशी गोरगरीब आणि त्यांची मुलं घरोघर जात. घरची बाई त्यांना छोटे गोल केक देई. केक खाणाऱ्यानं त्या घरातल्या मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची, असा तो व्यवहार. मी लिहिलं: 'आज आपल्या दारात येणाऱ्या मुलांच्या पिशवीत जे चॉकलेट पडतं, त्याचा पूर्वज हा केक आहे.' त्याखाली मी आपल्याकडच्या पितृपक्षाशी असलेलं साम्य दाखवलं आणि शेवटी विचारलं की हे 'आपलं नाही' ते नेमकं कशावरून? वाक्य जमलं होतं. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

बाबांना माझ्यापेक्षा जास्त वाटला. संध्याकाळी स्वयंपाकघरात ते पत्रक त्यांनी उभं राहून, चौकात वाचावं तसं मोठ्यानं वाचलं. आई पोळ्या लाटत होती. आजी टेबलाशी बसून मेथी निवडत होती. केकवरचा परिच्छेद आला तेव्हा आजीचे हात थांबले.

"परत वाच ते."

बाबांनी परत वाचलं.

"म्हणजे मला कळत होतं ते बरोबरच होतं," आजी म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

"काय कळत होतं?" बाबांनी विचारलं.

"हेच. हळवीण म्हणजे इकडची सर्वपित्री. मी पहिल्या वर्षीच ओळखलं. पांढरी चादर घेऊन दारात येतात, फार बोलत नाहीत, द्याल ते घेतात. पोरं म्हणतातसुद्धा ना, तृप्त करीत, तृप्त करीत."

आईचं लाटणं थांबलं. "आई, ते ट्रिक ऑर ट्रीट म्हणतात."

"मला तृप्तच ऐकू येतं."

"अगं पण आजी," मी म्हटलं, "पितृपक्ष संपून किती दिवस झालेले असतात तोपर्यंत."

"इकडची वेळ मागं असते की नाही आपल्यापेक्षा? मग पंधरवडाही मागंच असणार."

मी हसले. आईही हसली. बाबा हसत नव्हते. त्यांनी पत्रक टेबलावर ठेवलं.

"आई, तू इतकी वर्षं चॉकलेटं कुणाच्या नावानं देतेस?"

"कुणाच्या म्हणजे? ह्यांच्या. त्यांना नारळाच्या वड्या आवडायच्या, म्हणून ती खोबऱ्याची घेते."

तव्यावरची पोळी जळल्याचा वास आला आणि आईनं ती उलथली. मला राहवलं नाही. "पण तूच म्हणतेस ना, बाईच्या हातचं पोचत नाही?"

"नाहीच पोचत," आजी म्हणाली. "पण हा उभा असतो ना शेजारी, तो धूर काढत. म्हटलं, मुलाच्या दारातनं जातंय, मुलगा बाजूला आहे, दोन आणे तरी पोचत असेल. मुलाच्या हातनं एकदा जरी गेलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण त्याला कसं सांगायचं?"

बाबा खाली बेसमेंटमध्ये निघून गेले. जेवायला वर आले तेव्हा त्यांनी निर्णय सांगितला. या वर्षी भोपळा नाही, ड्राय आइस नाही. पोर्चचा दिवा बंद राहील. इथं ज्या घराचा दिवा बंद असतो त्या घरी मुलं येत नाहीत, हा गल्लीचा न सांगितलेला नियम आहे.

"अहो, पोरांनी काय घोडं मारलंय?" आई म्हणाली.

"ज्या घरात श्राद्ध होत नाही, त्या घरात ते चॉकलेटचंही होणार नाही."

मी भांडले. माझं शस्त्र तयार होतं, आणि ते त्यांचंच होतं. बाबांच्या एका जुन्या गुलाबी पत्रकात लिहिलं होतं की रूढीचं मूळ काय होतं यावरून तिची आजची किंमत ठरत नाही. आपल्या प्रत्येक चालीरीतीमागं विज्ञान शोधणाऱ्या लोकांना ते उत्तर होतं. मी ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. मूळ मेलेल्यांचं असेल बाबा, पण आज तो मुलांचा खेळ आहे, असंच ना?

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझा मुद्दा ते नेहमी पूर्ण होऊ देतात. "मी मुळावरून ठरवतच नाही," ते म्हणाले. "मूळ राहू दे तिकडं आयर्लंडला. मी आज माझ्या दारात काय चाललंय त्यावरून ठरवतोय. माझ्या पोर्चवर, मला शेजारी उभा करून, माझ्या बापाचं श्राद्ध चाललंय. मला न सांगता."

मला राग दोघांचाही आला होता. दिवा बंद करणाऱ्याचाही, आणि स्वतःचा हात खोटा मानणारीचाही. पत्रकांत असा प्रसंग आला की एक बाजू अडाणी असते आणि एक शहाणी. इथं आजी काही वाद घालत नव्हती आणि बाबा काही खोटं बोलत नव्हते. ते नुसते एका टेबलावर जेवत होते आणि एकमेकांकडं मीठ सरकवत होते.

शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमात माझं पत्रक वाटलं गेलं. भूत सोडून काहीही चालेल असा तोडगा निघाला आणि नाटकाच्या आधी स्टेजवर राजकन्या आणि डायनोसॉर नाचले. ते काका मला म्हणाले, "छान लिहिलंयस. भाषा जरा कडक आहे." पत्रक त्यांनी घडी करून खिशात ठेवलं, कपाखाली नाही, हे मी नोंदवून घेतलं.

हॅलोविनच्या दिवशी दुपारपासून पाऊस होता, मधूनमधून त्यात बर्फाचे कण. चारच्या सुमाराला आजी गॅरेजमध्ये गेली आणि लॉनवर ठेवायची घडीची खुर्ची ओढत बाहेर आली. अंगावर दोन स्वेटर, वर कोट, पायांत माझे जुने विंटर बूट, डोक्यावर माकडटोपी. कडेवर पातेलं. बाबा दारात आले.

"आई, कुठं?"

"बाहेर."

"मी दिवा लावणार नाही म्हणालो होतो."

"नको लावू. मी कुठं तुझ्या पोर्चवर बसतेय? तिकडं कडेला बसते, फूटपाथवर. तो तुझा नाही ना? म्युनिसिपालटीचा ना?"

"सिटीचा आहे. पण..."

"मग झालं."

"आई, पाऊस आहे."

"तोही तुझा नाही."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खुर्ची उचलली. कुणाची बाजू म्हणून नाही, आजीला ती जड होत होती म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ड्राइव्हवेच्या टोकाशी, आमची जमीन जिथं संपते तिथं मी ती उघडली. आजीनं मागं वळून अंतर पाहिलं आणि खुर्ची आणखी वीतभर पुढं सरकवायला लावली. हिशेबात चूक नको म्हणून. मी तिच्या हातात टॉर्च दिला. पहिली मुलं आली तेव्हा त्यांच्या आयांना वाटलं की ही म्हातारी म्हणजे आमच्या घरची सजावटच आहे. ती हलली तेव्हा एक बाई ओरडली.

बाबा खिडकीशी उभे होते. आई त्यांच्याशी बोलत नव्हती, तिनं मुद्दाम चहा केला नाही. बर्फाचे कण वाढले तसे बाबांनी प्लांटमधून मिळालेली मोठी छत्री घेतली आणि बाहेर गेले. मी दार उघडं ठेवून उभी होते, म्हणून सगळं ऐकू येत होतं. ते आजीच्या मागं उभे राहिले आणि छत्री तिच्यावर धरली.

"मी फक्त छत्री धरतोय," ते म्हणाले.

"मी कुठं काय म्हटलं?"

मुलं येत होती, आजी वाकून चॉकलेट ठेवत होती, बाबा आकाशाकडं बघत होते. अंतराळवीराच्या वेशातल्या एका मुलानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं की तुम्ही काय झाला आहात. बाबा इंग्रजीत म्हणाले, "मी हिचा मुलगा झालोय." मुलाला तो कॉस्च्युम फारसा आवडला नाही.

थोड्या वेळानं आजी खुर्चीत चुळबुळ करायला लागली.

"हे धर," तिनं पातेलं वर केलं.

"आई, मी पातेलं धरणार नाही. आपलं ठरलंय."

"अरे, मला जाऊन यायचंय. थंडीनं होतं. इथंच करू का?"

बाबांनी पातेलं धरलं. छत्री त्यांच्याकडंच राहिली. आजी टॉर्चच्या उजेडात, पाय सांभाळत, ड्राइव्हवेवरून वर आली. मी तिचे बूट काढले. ती वॉशरूमला गेली आणि लगेच परत आली. पुन्हा बाहेर जाईल म्हणून मी बूट हातात घेऊन उभी होते, पण ती तशीच कोट घालून पुढच्या खोलीत गेली आणि अंधारात खिडकीशी सोफ्यावर बसली. मी दार लावून तिच्या मागं गेले.

बाहेर दोन बहिणी आल्या होत्या. बाबांनी घराकडं पाहिलं. मग त्यांनी पातेलं आजीच्या खुर्चीवर ठेवलं आणि हातानं खूण केली, घ्या तुमचं तुम्ही. बहिणींनी घेतलं आणि त्या पळाल्या. तत्त्व शाबूत राहिलं. बाबा छत्री घेऊन बाजूला उभे राहिले, रस्त्यावरच्या खांबासारखे.

त्या दोघींनंतर एक अगदी लहान पोरगं एकटंच पुढं आलं, बाप मागं फोनवर बोलत होता. डोक्यावरून पांढरी चादर घेतलेली, डोळ्यांची भोकं सरकून एक डोळा झाकलेला. हल्ली चादरीची भुतं कमी दिसतात, सगळे विकतचे पोशाख घालतात. त्यानं खुर्चीवर हात फिरवला, पातेल्यापर्यंत तो पोचेना. चादर पायात आली. ते तिथंच पावसात पिशवी पसरून उभं राहिलं आणि शिकवलेलं म्हणायला लागलं. काचेतून आवाज येत नव्हता, ते पुन्हा पुन्हा म्हणतंय एवढंच दिसत होतं.

बाबांनी छत्री मानेत अडकवली. वाकून त्याची चादर नीट केली, दोन्ही डोळे भोकांवर आणले. मग पातेल्यातून एक चॉकलेट उचललं आणि त्याच्या पिशवीत ठेवलं.

"घ्या," आजी म्हणाली.

ती हळू बोलली होती. आजी मुलांना 'घे' म्हणते, खूप मुलं असली तर 'घ्या रे'. बाहेर एकच मूल होतं.

मी आजीकडं पाहिलं नाही. माझ्याकडं त्या क्षणाला म्हणण्यासारखं पुष्कळ होतं, चार पानं होतील एवढं, आणि त्यातला एकही मुद्दा चुकीचा नव्हता. बाहेर पोरगं आणि त्याचा बाप पुढच्या घराकडं गेले. लगेच चार-पाच जणांचा घोळका आला. बाबांनी पातेलं उचलून कुशीत घेतलं, कारण खुर्चीवर ते भिजत होतं, आणि वाटायला लागले. वाटता वाटता त्यांचं तोंड सुरू झालं. हातवाऱ्यांवरून कळत होतं की पाण्याचा बर्फ कसा होतो आणि आज हा धड पाऊसही नाही नि बर्फही नाही ते का, हे चाललं आहे. मुलं पिशव्या धरून उभी होती.

"आजी," मी म्हटलं, "बाबा भिजताहेत. जा ना आता."

"छत्री आहे त्याच्याकडं."

"तुझं पोट बरंय ना?"

"बरंय गं. बस की जरा. एवढी पोरं येऊन जाऊ देत."

मी बूट खाली ठेवले आणि तिच्याशेजारी बसले.

रस्ता रिकामा झाल्यावर बाबा आत आले. केस ओले, चष्म्यावर थेंब. पातेलं त्यांनी सिंकमध्ये उपडं ठेवलं आणि खोलीतला दिवा लावला. आजी अजून कोटात होती.

"आई, अजून बरं वाटत नाही का?"

"आता वाटतंय. संपली का सगळी?"

"संपली."

"सगळी तूच दिलीस?"

"मग कोण देणार? तू आत होतीस."

"हो ना," आजी कोटाची बटणं काढत म्हणाली. "मी आत होते."